केटरिंगचं चॅपल आणि "नोंद आढळत नाही"

इंग्लंडमधल्या केटरिंग गावच्या फुलर चॅपलचा (चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथाच्या प्रार्थनाघराचा) इतिहास तुम्ही शोधता आहात. "फुलर चॅपलच्या नावाने 1800 च्या आधीची नोंद आढळत नाही, असं कार्यालयाने कळवलं," हे तुमचं वाक्य ओळखीचं वाटलं. दुसऱ्या एका कार्यालयाने मलाही दोनदा हेच कळवलं, दोन्ही वेळा शोधशुल्क घेऊन. नाव बदललेलं असू शकतं, एवढं सुचवायलाही कुणी तयार नव्हतं. असो.

इमारतीवरचं नाव आणि साल घेऊन अभिलेखागारात जाऊ नका. ते इमारतीचं असतं, मंडळीचं (तिथे जमणाऱ्या उपासकसमूहाचं) नव्हे. फुलर बाप्टिस्ट चॅपलची आजची इमारत 1860 च्या दशकातली, मंडळी मात्र 1696 ची. 1662 मध्ये केटरिंगचे रेक्टर (चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू) जॉन मेडवेल यांना पदावरून काढलं आणि त्यांच्याभोवती इंडिपेंडंट (बिशपांचा अधिकार न मानणारी) मंडळी जमली. तिलाच पुढे 'ग्रेट मीटिंग' म्हणू लागले (आजचं टोलर चर्च). त्यातून विल्यम वॉलिसबरोबर काही जण फुटून निघाले, ती 'लिटल मीटिंग', म्हणजेच पुढची फुलर चॅपलची मंडळी. ज्यांचं नाव पुढे चॅपलला मिळालं ते पाळक अँड्र्यू फुलर तिथे आले 1782 मध्ये, वारले 1815 मध्ये. म्हणजे अठराव्या शतकाच्या कागदांत फुलर शोधलंत तर माणूस सापडेल, चॅपल नाही.

अशा उपासनास्थळांच्या नोंदणीचे दाखले 1689 च्या धर्मसहिष्णुता कायद्यापासून सुरू होतात, पण तीन ठिकाणी विखुरलेले: बिशप, आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा अधिकारी) किंवा तिमाही न्यायसभा (काउंटीचं न्यायालय). केटरिंगसाठी पीटरबरोचं बिशपक्षेत्र आणि नॉर्थॅम्प्टनशायरची न्यायसभा, दोन्ही पाहा. दाखल्यावर बरेचदा पंथ नसतोच. नुसतं 'प्रॉटेस्टंट डिसेंटर्स' (चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे प्रॉटेस्टंट) आणि घरमालकाचं नाव. म्हणून आधी विश्वस्तांची नावं काढा. 1736 च्या कायद्यानंतरचे जमिनीची विश्वस्तपत्रं चॅन्सरीत (लंडनच्या वरिष्ठ न्यायालयात) नोंदवावी लागत. ती ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सी 54 मालिकेत मिळतात. तिथली नावं दाखल्यांशी ताडली की पंथ आपोआप कळतो.

इंग्लंडमध्ये 1752 च्या आधी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. जानेवारी ते 24 मार्चच्या तारखांत एक वर्ष वाढवून वाचा, नाहीतर दाखला मंडळीच्या आधी निघाल्यासारखा दिसतो.

चॅपलच्या नोंदवह्यांबद्दल थोडक्यात: 1837 पूर्वीच्या त्याच अभिलेखागाराच्या आरजी 4 मालिकेत. बाप्टिस्ट बाळांचा बाप्तिस्मा करत नाहीत, तेव्हा जन्मनोंदी शोधा. लग्नं 1754 ते 1837 पॅरिश चर्चातच (चर्च ऑफ इंग्लंडच्या गावातल्या चर्चात). चॅपलच्या वहीत ती नाहीत म्हणून वही अपुरी समजू नका.

केटरिंगचा विषय निघालाच आहे तर: 2 ऑक्टोबर 1792 ला बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली ती चॅपलमध्ये नव्हे, वॉलिस घराण्यातल्या एका विधवेच्या घरी. याच सोसायटीच्या विल्यम कॅरीने बंगालमधल्या सेरामपूरहून 1805 मध्ये मराठी व्याकरण छापलं. तरी ते घर चॅपलांच्या यादीत घालू नका.

शेवटी 30 मार्च 1851 ची उपासनागणना (त्या दिवशी उपासनेला किती जण आले याची मोजणी), त्याच अभिलेखागारातली एचओ 129 मालिका. सकाळ, दुपार, संध्याकाळ यांची बेरीज करून 'सदस्यसंख्या' लिहिणारे माझ्या मते इतिहासाचं नुकसान करतात. तीच माणसं दोनदा यायची. सर्वांत मोठी एक हजेरी घ्या आणि संडे स्कूलची मुलं वेगळी दाखवा. आकडे शून्याने संपत असतील तर ते अंदाजे आहेत, हे तळटीपेत नोंदवा. मी वकील नाही. विश्वस्तपत्रातला मालकीचा वाद असेल तर जाणकाराला विचारा.