बॅरी सँडर्स, १९८८. बाकी रांगेत उभे राहा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, अमेरिकन फुटबॉलमधल्या कॉलेजच्या रनिंग बॅकचं (बॉल हातात घेऊन पळणाऱ्या खेळाडूचं) तिकडे पार पुतळा उभारण्याइतकं कौतुक का, आणि सगळ्यात भारी कोण. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण त्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे. बॅरी सँडर्स, ओक्लाहोमा स्टेट. मी तिथेच, स्टिलवॉटर गावात, एमएस केलंय, त्यामुळे पक्षपाती म्हणा, चालेल.

पहिली दोन वर्षं हा माणूस थर्मन थॉमसच्या मागे राखीव. १९८८ ला जागा मिळाली आणि पहिल्याच मॅचचा पहिलाच किकऑफ (मॅच सुरू करणारी किक) पकडून शंभर यार्ड पळत थेट टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्या टोकाच्या रेषेपार. पुढे ११ मॅचमध्ये रनिंगचे २६२८ यार्ड आणि ३७ टचडाउन, त्यातल्या चार मॅचमध्ये तीनशेच्या वर. उंची पाच फूट आठ इंच. क्लिप्स बघा, चांगला चढाईपटू कबड्डीत तिघांच्या पकडीतून निसटतो ना, तसं कंबरेतून वळून जायचा. टचडाउन झालं की बॉल गुपचूप रेफरीच्या हातात, नाचबिच काही नाही. हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची) जाहीर झाली तेव्हा टीमबरोबर टोकियोत होता, तिथे टेक्सास टेकविरुद्ध ३३२ यार्ड काढले.

आता आमचे साडूभाऊ. ते असतात आयडाहोतल्या बॉयसीला. २०२४ मध्ये बॉयसी स्टेटचा रनिंग बॅक अ‍ॅश्टन जेंटी बॅरीच्या रेकॉर्डच्या, म्हणजे एका सीझनमधल्या २६२८ यार्डांच्या, जवळ आला आणि हे फॅमिली ग्रुपवर रोज आकडे टाकायला लागले. ३१ डिसेंबरला पेन स्टेटशी फिएस्टा बोल (नेहमीचा सीझन संपल्यावरच्या मोठ्या मॅचना 'बोल गेम' म्हणतात, त्यातली एक), हे सहकुटुंब आमच्याकडे डॅलसला, निळी-केशरी जर्सी घालून सोफ्यावर. रेकॉर्ड मोडायला जेंटीला १३२ यार्ड हवे होते, आणि त्या सीझनला तेवढे तो सहज काढायचा. "आज तुमचा बॅरी रिटायर," म्हणे. मी म्हटलं, अहो ही याची चौदावी मॅच आहे, बॅरीला अकरा मिळाल्या. "रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड, मॅचेस कोण मोजतं?" बायका आतून पावभाजी गार होतेय म्हणून ओरडतायत आणि आम्ही दोघं जागेवरून हलत नाही. पेन स्टेटच्या डिफेन्सने पोराला हलू दिलं नाही, १०४ वर थांबला. एकूण २६०१. सत्तावीस कमी! साडूभाऊंनी लगेच पलटी मारली, म्हणे त्या काळच्या डिफेन्स भुसभुशीत होत्या.

मग मी खरा मुद्दा काढला, तो तुम्हीही लक्षात ठेवा, कारण अर्ध्या वादावादीत हाच राहून जातो. तेव्हा बोल गेमचे यार्ड सीझनच्या आकड्यात धरायचेच नाहीत, ते २००२ पासून धरायला लागले. बॅरीने हॉलिडे बोलमध्ये वायोमिंगविरुद्ध २२२ यार्ड आणि पाच टचडाउन काढले आणि मॅच एकतर्फी झाली म्हणून शेवटी बाहेर बसला. ते मिळवले तर २८५०. जेंटीच्या आकड्यात बोल गेम धरलेला आहे, तरी कमीच. यावर साडूभाऊ फटाके बघायला बाल्कनीत गेले.

कौतुक का, तर स्टिलवॉटरसारख्या गावात युनिव्हर्सिटी हेच गाव आहे. प्रोफेशनल टीम नाही, शनिवारी सगळं गाव स्टेडियममध्ये. पोरगं आपल्याच वर्गात बसलेलं असतं. बॅरीचा पुतळा २०२१ मध्ये बसवला, माझ्या मते वीस वर्षं उशिरा.

हां, प्रामाणिकपणे सांगायचं तर बॅरीचा धड एकच सीझन. पूर्ण करिअर बघायचं असेल तर जॉर्जियाचा हर्शल वॉकर, पहिल्याच वर्षी, १९८० ला, टीम नॅशनल चॅम्पियन आणि तीन सीझनमध्ये ५२५९ यार्ड. ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिनकडे दोन हाइझमन आहेत, तेवढ्या दुसऱ्या कोणाकडेच नाहीत. जेंटीही जबरदस्तच, नाही म्हणत नाही. पण कुणी नुसते एकूण यार्ड तोंडावर फेकले तर आधी मॅचेस विचारा, मग बॉल कितीदा हातात आला ते विचारा.

साडूभाऊ वाचत असतील तर, तुमच्याने ३७४ वेळा बॉल घेऊन २६०१ काढले, आमच्याने ३४४ वेळा घेऊन २६२८. भागाकार तुम्हीच करा.