कॉर्पोरेटवरचं पंक गाणं लिहिताना

पहिल्या मसुद्यातून ‘सिस्टीम’, ‘भांडवलशाही’, ‘गुलामी’ हे शब्द काढून टाक. त्यांनी कुणालाच चटका बसत नाही. त्याऐवजी अप्रेझलचा फॉर्म, रात्री अकराचा ‘अर्जंट’ मेल, ‘आपण सगळे एक कुटुंब’ म्हणत दिलेली कपातीची नोटीस घे. एचआरची भाषा जशीच्या तशी ओरडली, की तीच शिवी होते!

आता मोजमाप. १८० बीपीएमला (मिनिटाला १८० ठोके) चार ठोक्यांचा एक बार जेमतेम १.३३ सेकंदांचा असतो. त्यात सहा ते आठ अक्षरं बसतात. बारा कोंबलीस तर जोडाक्षरं गिळली जातात आणि राग नुसता गोंगाट होतो. दर दोन ओळींनी शेवटचा ठोका रिकामा ठेव, नाहीतर दुसऱ्या कडव्यातच दम संपेल. कोरस तीन-चार शब्दांचा, शेवट ‘आ’ किंवा ‘ओ’वर, गर्दीला तोंड उघडून ओरडता आलं पाहिजे.

बॉसच्या तोंडून उपरोधाने लिहायचं असेल तर कोरसमध्ये मुखवटा उतरव, नाहीतर ऐकणारे ते खरंच मानतात. आणि नेम वर धर: रिसेप्शनवरच्या माणसाची टिंगल म्हणजे पंक नव्हे.

तिकीट महाग लावलंस तर हेच शब्द तुला ऐकवले जातील. फुगाझी या अमेरिकन पंक बँडने तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं होतं, ते उगाच नाही.