पुतळ्याचा फोटो काढला की चेहरा काळाच येतो, काय करू?

पुतळा उंच चौथऱ्यावर, आपण खालून बघणार आणि मागे नुसतं पांढरं आभाळ, मग कॅमेरा आभाळाचा उजेड धरतो आणि पुतळा काळा पडतो, ब्रॉन्झचा असेल तर आणखीनच. मोबाईलवर चेहऱ्यावर टॅप करून ब्राइटनेस वर सरकवा, कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ पासून वाढवत जा, आभाळ पांढरं पडलं तरी पडू दे.

पण खरा फरक पडतो तो उजेडाच्या दिशेने. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणीत नुसता अंधार असतो, तेच सकाळी किंवा उतरत्या उन्हात बाजूने प्रकाश आला की कपाळावरची आठी, कपड्याच्या चुण्या, कधी कधी तर शिल्पकाराच्या बोटांचे मातीत उमटलेले आणि तसेच ब्रॉन्झमध्ये उतरलेले ठसेसुद्धा दिसतात, इतकं भारी वाटतं ते बघताना!

आणि अगदी पायथ्याशी उभं राहून कॅमेरा वर करू नका, पाय मोठे आणि डोकं एवढंसं येतं. दहा-पंधरा पावलं मागे जाऊन टेली लेन्स (लांबचं जवळ आणणारी) वापरा. त्याआधी पूर्ण एक चक्कर मारा, मागचा विजेचा खांब डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो बऱ्याचदा.