सायकलवाल्याचं शोरूम

प्रश्न : पंचवटीत आमचं वडिलोपार्जित सायकलचं दुकान आहे. आता इलेक्ट्रिक स्कूटरची एजन्सी घ्यायचं चाललंय. मोटारींचे पहिले डीलर सायकलवालेच होते, असं ऐकलं. खरं का? आणि नवशिक्याने काय सांभाळावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सगळे नाही, पण एक ठळक नाव आहेच. डेट्रॉइटचा विल्यम मेट्झगर (१८६८–१९३३) मूळचा सायकल विक्रेता. १८९८च्या सुमारास त्याने मोटारींचं दुकान मांडलं. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या स्वतंत्र डीलरांमध्ये त्याची गणना होते. गंमत म्हणजे त्याच्याकडच्या पहिल्या गाड्या विजेच्याच होत्या, वेव्हर्ली कंपनीच्या. पुढे कॅडिलॅकची विक्री त्याच्याकडे आली आणि १९०३च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात त्याने दोन हजारांवर गाड्यांची नोंदणी घेतली. १९०८मध्ये भागीदारीत ‘ई-एम-एफ’ गाडी काढली, तेव्हा मात्र लोकांनी त्या अक्षरांचा अर्थ ‘एव्हरी मॉर्निंग फिक्स इट’ असा लावला. विकणं जमलं, तरी दुरुस्ती काही सुटत नाही ती अशी.

तुमचीही खरी परीक्षा न विकलेल्या मालावर आहे. लिथियम बॅटरीची गाडी शोरूममध्ये ४० ते ६० टक्के चार्जवर ठेवा. पूर्ण भरून एप्रिल-मेच्या उकाड्यात महिनाभर ठेवली, तर बॅटरी लवकर म्हातारी होते. अगदी रिकामी ठेवली, तर बंद गाडीतही बॅटरीचं नियंत्रण सर्किट थोडा थोडा करंट खात राहतं, सेल मर्यादेखाली जातात आणि चार्जर लावला तरी काही होत नाही. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गाडीचे टक्के वहीत लिहा.

शिशाच्या बॅटऱ्यांचं उलट : त्या कायम भरलेल्याच हव्यात. ४८ व्होल्टच्या संचात १२-१२च्या चार असतात. चार्जर काढून काही तासांनी मल्टिमीटरने प्रत्येक वेगळी मोजा, एकूण आकड्यावर जाऊ नका. तिघी १२.७ आणि एक ११.९ निघाली, तर बेरीज ५० भरते, ग्राहकाला मात्र निम्म्या वाटेत ढकलत यावं लागतं. १२.४च्या खाली गेलेली लगेच चार्जिंगला लावा. तशीच राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो, तो सहसा निघत नाही.

कागदपत्रांत कंपनीचं अधिकारपत्र आणि आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी न झालेल्या गाड्या विक्रीसाठी बाळगण्याचा परवाना, आधी. एमएच-१५ क्रमांक आणि हाय सिक्युरिटी पाटी लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या हाती देऊ नका, मग मुहूर्त चुकला तरी चालेल.

२५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेतल्या मान्यताप्राप्त गाड्यांना नोंदणी लागत नाही. पण ‘शेठ, तेवढी स्पीडची वायर काढून द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्याच आठवड्यात येईल. त्याला नाहीच म्हणा. वेग रोखून धरणारी ती वायर निघाली की गाडी सवलतीतून बाहेर पडते. मग ती विनानोंदणी, विनाविमा रस्त्यावर धावते आणि पकडली गेली, तर बिलावर शिक्का तुमच्याच दुकानाचा असतो.