वाचकांचे प्रश्न : नदीच्या मध्यावर उभा राहिलेला पूल

प्रश्न : मी गंगाखेड तालुक्यातील शेतकरी आहे. पाहुण्यांच्या गावाला नेहमीच्या रस्त्याने न जाता मोटारसायकलवरून गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठाने निघालो, तेव्हा पात्रात नव्या पुलाचे खांब उभे असल्याचे प्रथमच पाहिले. अलीकडच्या बाजूने मधल्या खांबांपर्यंत स्लॅबही पडला आहे, पैलतीराकडे मात्र काहीच नाही आणि जागेवर एकही मजूर नव्हता. उन्हाळ्यात येथे गुडघाभर पाणी असते, मग पूल एवढा उंच का? काम बंद पडले आहे काय, हे कसे ओळखावे? गावातील तरुण संध्याकाळी मुरमाच्या कच्च्या चढावरून स्लॅबवर गाड्या नेतात, ते योग्य आहे काय?

उत्तर : पुलाची उंची उन्हाळ्यातील पाण्यावरून नव्हे, तर पुराच्या सर्वोच्च पातळीवरून ठरते. ऑगस्ट 2006 मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर 2025 मध्ये गोदावरीचे पाणी काठच्या गावांत कोणत्या ओट्यापर्यंत चढले होते, हे आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही; अभियंतेही अशाच खुणा गोळा करून धरणाच्या विसर्गाच्या नोंदींशी ताडून पाहतात. सेकंदाला 3000 घनमीटरपेक्षा, म्हणजे धरणाच्या बातम्यांतील भाषेत सुमारे 1 लाख 6 हजार क्युसेकपेक्षा, मोठा पूर वाहणाऱ्या नदीवर पुराची पातळी आणि गर्डरची, म्हणजे खांबांवर टेकलेल्या आडव्या तुळईची, खालची बाजू यांच्यामध्ये किमान 1.5 मीटर मोकळी जागा असावी, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. पुरासोबत उन्मळून आलेल्या बाभळी आणि जलपर्णीचे ढीग गर्डरला अडकले, तर पाण्याचा सगळा रेटा पुलावर येतो, म्हणून ही जागा सोडावी लागते. शिवाय खांबांमुळे पात्र थोडे अरुंद होऊन पाणी वरच्या अंगाला काहीसे फुगते, त्याचाही हिशेब धरावा लागतो. पूर्वीचे फरशी पूल बुडण्यासाठीच बांधलेले असत आणि पावसाळ्यापूर्वी त्यांचे कठडे काढून ठेवण्याची पद्धत होती. पूर आला की पैलतीरावरील गावांची शाळा, बाजार आणि दवाखाना तुटत असे. आपण पाहिलेली उंची ही त्या अडचणीवरची तोड आहे.

काम बंद आहे की नाही, हे खांबांवरून कळत नाही. त्यासाठी दोन्ही काठ पाहावेत. नदीचे पात्र शासनाचे असल्याने तेथे गुत्तेदाराला (कंत्राटदाराला) अडवणारे कोणी नसते, परंतु पुलाला रस्त्याशी जोडणारा पोचमार्ग शेतांतून जातो. तेथे संयुक्त मोजणी व्हावी लागते, विहीर, फळझाडे आणि पाइपलाइन यांचे मूल्यांकन व्हावे लागते, आणि सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील तर चौघांचीही संमती जुळावी लागते. पुलाचा कार्यारंभ आदेश आधी आणि पोचमार्गाची जमीन नंतर, हा उलटा क्रम माझ्या मते अशा अधांतरी पुलांचे मोठे कारण आहे. शेतकरी अडवणूक करतो असे म्हणण्याची पद्धत आहे. मोबदला हाती पडण्यापूर्वी गंगाथडीची काळी जमीन कोणी का सोडावी, हे मात्र कोणी विचारत नाही. तेव्हा पैलतीरावर मोजणीचे दगड रोवले आहेत काय आणि मुरमाचा भराव पडू लागला आहे काय, हे पाहावे.

केवळ मजूर दिसले नाहीत म्हणून काम बंद पडले असे समजू नये. पावसाळ्यात पात्रातील पायाचे काम थांबतेच. पावसाळ्यानंतर गोदावरीवरील ढालेगाव, मुद्गल, दिग्रस अशा बंधाऱ्यांचे दरवाजे लावले की अडवलेले पाणी वरच्या अंगाला बरेच लांबपर्यंत उभे राहते, आणि ते उतरेपर्यंत खांबाभोवती मुरमाचा बांध घालून पाणी उपसणे अवघड जाते. पाया खोदण्यासाठी वर्षाकाठी हाती येणारा काळ त्यामुळे फारच तोकडा असतो. खांबांतून वर निघालेले लोखंडी गज मात्र जवळून पाहावेत. त्यांवर सिमेंटच्या पाण्याचा हात दिलेला असेल, तर खंड लांबणार हे गुत्तेदाराने गृहीत धरले आहे; ते उघडेच गंजत असतील आणि मजुरांच्या झोपड्याही उठल्या असतील, तर चौकशी करण्याची वेळ आली आहे.

ती चौकशी तोंडी करू नये. माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून अर्ज केल्यास 30 दिवसांत उत्तर मिळावयास हवे. अंदाजपत्रक, काम पूर्ण करण्याची मुदत, दिलेली मुदतवाढ आणि पोचमार्गाच्या भूसंपादनाची सद्यःस्थिती मागावी. याच कायद्याच्या कलम 2 मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिलेला आहे, ज्याचा उपयोग आपल्याकडे फारच थोडे लोक करतात.

तरुणांना मात्र आजच थांबवावे. स्लॅबला कठडा नाही, पुढे तो कोठे संपतो हे अंधारात दिसत नाही. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नोव्हेंबर 2024 मध्ये मोबाइलवरील नकाशाच्या भरवशावर निघालेली मोटार रामगंगेवरील तुटलेल्या पुलावरून खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेलेला होता आणि नकाशाला त्याचा पत्ता नव्हता. ग्रामपंचायतीने चढाच्या तोंडाशी मोठे दगड टाकून वाट बंद करण्याची लेखी मागणी बांधकाम विभागाकडे करावी.

प्रश्न : आमच्या जालना जिल्ह्यातील नवा पूल उत्तम झाला आहे, परंतु त्यावर चढताना आणि उतरताना दुचाकीला जोराचा धक्का बसतो. पूल खचत आहे काय?

उत्तर : बहुधा पूल नव्हे, पोचमार्गाचा भराव बसत आहे. पुलाचा पाया खडकावर टेकलेला असतो, तर भराव पावसात फुगणाऱ्या आणि उन्हात भेगाळणाऱ्या काळ्या मातीवर उभा असतो. दोहोंमधील फरक झाकण्यासाठी पुलाच्या तोंडाशी किमान 3.5 मीटर लांबीचा काँक्रीटचा जोडस्लॅब घालावयाचा असतो आणि भराव थरांनी, पाणी मारून, रोलरने दाबावयाचा असतो. दबाई घाईने उरकली की एक-दोन पावसाळ्यांत धक्का जाणवू लागतो. नव्या कामाच्या दोषदायित्वाच्या मुदतीत ही दुरुस्ती गुत्तेदाराने स्वखर्चाने करावयाची असते, म्हणून ती मुदत संपण्यापूर्वी उपविभागीय अभियंत्यांकडे छायाचित्रांसह अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.