तुल्यबळ की तोलामोलाचे? योद्धा, मांत्रिक आणि त्यांच्यातला तोल

प्रश्न असा आहे: "फासे टाकून, टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनारम्य आरपीजीची (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र व्हायच्या खेळाची) नियमपुस्तिका आम्ही मराठीत लिहितो आहोत. फायटर (योद्धा) आणि विझार्ड (मांत्रिक) यांच्यातल्या 'बॅलन्स'ला काय म्हणावं? संतुलन, समतोल, की दोघे तुल्यबळ आहेत असं सरळ लिहावं? आणि 'विझार्ड ओव्हरपॉवर्ड आहे', म्हणजे प्रमाणाबाहेर ताकदवान आहे, याला मराठीत काय म्हणतात?"

आधी उत्तर देऊन टाकतो. सगळ्या खेळाबद्दल बोलायचं असेल तर 'समतोल' लिहा. दोन पात्रांच्या नात्याबद्दल बोलायचं असेल तर 'तोलामोलाचे' लिहा. 'तुल्यबळ' शक्यतो टाळा. 'ओव्हरपॉवर्ड'साठी मराठीत एक नाही, दोन शब्द आहेत, 'वरचढ' आणि 'डोईजड', आणि त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत.

तोल, तुल्य, समतोल, संतुलन ही सगळी संस्कृत 'तुल्' धातूची पोरं. पण नांदतात वेगवेगळ्या घरी. समतोल साधतो, राखला जातो, ढळतो, बिघडतो. म्हणजे त्याच्याबरोबर चालणारी क्रियापदं तयार आहेत आणि नियम लिहिणाऱ्याला तीच हवी असतात. संतुलन बहुधा मानसिक असतं, नाहीतर पर्यावरणाचं. चुकीचं नाही, पण जरा सरकारी वाटतं. 'संतुलित' हे विशेषण मात्र सोयीचं आहे, ते वापरायला हरकत नाही. या दोन्ही शब्दांत एकच अखंड वस्तू गृहीत धरलेली असते: आहार, मन, अंदाजपत्रक, खेळ. "या खेळाचा समतोल पाचव्या पातळीनंतर ढळतो" (पातळी म्हणजे पात्राची लेव्हल) हे वाक्य अस्सल मराठी आहे.

'तुल्यबळ'ची गोष्ट वेगळी. या शब्दाला समोर प्रतिस्पर्धी लागतो. तुल्यबळ लढत, तुल्यबळ संघ, तुल्यबळ उमेदवार. योद्धा आणि मांत्रिक तर एकाच टोळीत असतात, राक्षस समोर असतो. दोघांची कुस्ती लावली तर कोण जिंकेल यावर लोक रात्ररात्र वाद घालतात हे खरं, पण टेबलावर तसा प्रसंग क्वचितच येतो. आणि शब्दातलं 'बळ' त्याहून जास्त घोटाळा करतं. तो घोटाळा कळायला थोडा इतिहास बघावा लागतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 साली आणला. त्यात तीनच पेशे, म्हणजे पात्रांचे क्लास, होते: फायटिंग मॅन (आपला योद्धा), मॅजिक यूझर (आपला मांत्रिक) आणि क्लेरिक (पुजारी). त्याचं मूळ 1971 च्या 'चेनमेल' या युद्धखेळात आहे. तिथे खेळाडू अख्खं सैन्य हलवायचा आणि मांत्रिक म्हणजे त्या सैन्यातला तोफखाना होता. त्याच्या अग्निगोळ्याचा घेर किल्ल्यावर दगड फेकणाऱ्या मोठ्या यंत्राच्या मापाने ठरवलेला होता. पायदळ आणि तोफखाना तुल्यबळ असावेत असं कुणी म्हणत नाही. दोन्ही एकाच सेनापतीचे, त्याला तक्रार कुठून असणार? भांडण सुरू झालं ते प्रत्येक सोंगटीमागे एकेक माणूस येऊन बसला तेव्हा. आता पायदळाच्या मागे बसलेला माणूस विचारू लागला, "मी काय करू?"

म्हणून मला 'तोलामोलाचे' हा शब्द नेमका वाटतो. तोल म्हणजे वजन, मोल म्हणजे किंमत. आपण तोलामोलाचं स्थळ म्हणतो, तोलामोलाचा साथीदार म्हणतो. त्यात दोघांनी एकच काम करावं अशी अपेक्षा नसते, एकमेकांशी लढावं अशी तर नसतेच. एकाची किंमत दुसऱ्याशेजारी उभं राहून कमी होऊ नये, एवढंच. 'तोडीस तोड' जवळचा आहे, पण त्यात पुन्हा जुगलबंदीचा वास येतो.

आता बळाचं गणित. या विषयात एक प्रसिद्ध वचन आहे: योद्धे रेषीय वाढतात, मांत्रिक वर्गाच्या पटीत वाढतात. हे नुसतं चमकदार वाक्य नाही, याच खेळाच्या 1978 च्या 'ॲडव्हान्स्ड' नियमांतले आकडे घेऊन पडताळता येतं. पहिल्या पातळीच्या मांत्रिकाला दिवसाला एकच मंत्र मिळतो. त्याने 'मॅजिक मिसाइल' घेतला तर एक बाण सुटतो आणि साहेब उरलेला दिवस काठी टेकत सगळ्यांच्या मागून चालतात. पाचव्या पातळीला त्याच श्रेणीचे (श्रेणी म्हणजे मंत्राची लेव्हल) चार मंत्र मिळतात आणि त्याच मंत्रातून आता तीन-तीन बाण सुटतात. चार त्रिक बारा. मंत्रांची संख्याही वाढली आणि प्रत्येक मंत्राचं वजनही वाढलं, त्यामुळे गुणाकार झाला. वर दुसऱ्या श्रेणीचे दोन आणि तिसऱ्या श्रेणीचा एक, म्हणजे बहुतेक वेळा अग्निगोळाच, हे वेगळंच. त्याच पातळीचा योद्धा? नेम सुधारला, अंगात दम वाढला, पण फेरीला वार एकच. दोन फेऱ्यांत तीन वार करायला त्याला सातवी पातळी गाठावी लागते.

मग इतकी वर्षं खेळ चालला कसा? इथे मराठीतला माझा आवडता शब्द कामाला येतो: पासंग. तराजूची पारडी मुळातच वरखाली असली की हलक्या बाजूला जो खडा किंवा तुकडा बांधून ती सारखी करतात, तो पासंग. शब्द फारसीतून आला. त्यातला 'संग' म्हणजे दगड, संगमरवरातला तोच. आज आपण "त्याच्या पासंगालाही पुरत नाही" एवढ्यापुरताच तो जिवंत ठेवला आहे, पण खेळाचा समतोल साधायला जे लहानमोठे नियम जोडतात त्यांना याहून चांगलं नाव मला सुचत नाही. जुन्या नियमांत योद्ध्याच्या पारड्याला असे बरेच पासंग होते. मांत्रिकाचा जीव चार बाजूंच्या फाशावर ठरायचा, योद्ध्याचा दहा बाजूंच्या. मांत्रिकाला चिलखत नाही, हातात खंजीर नाहीतर काठी. दुसऱ्या पातळीला जायला योद्ध्याला 2001 अनुभवगुण लागायचे, मांत्रिकाला 2501. मंत्र म्हणता म्हणता कुणी दणका दिला की मंत्र गेलाच.

2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने यातले बरेच पासंग सोडून टाकले. अनुभवगुणांचा तक्ता सगळ्यांना एकच झाला. मंत्र म्हणताना सावध राहून एक फासा नीट पडला की शत्रूला मध्येच वार करायची संधीच मिळेना. प्रत्येक बदल सुटा पाहिला तर समजूतदार होता, नियम सोपे झाले. पण पासंग काढला की पारडं कुठे जाणार ते ठरलेलंच. 'वरचढ' हा शब्द अशा वेळी वापरावा: शेजारच्याशी तुलना केली तर मांत्रिक वरचढ ठरतो.

'डोईजड' वेगळा. वरचढपणा बरोबरीच्या माणसाला सलतो. डोईजड होतो तो ज्याला त्याचा भार वाहायचा आहे त्याच्यासाठी. इथे तो माणूस म्हणजे डीएम (डंजन मास्टर), खेळ चालवणारा आपला सूत्रधार. खुनाचं रहस्य रचावं, तर मांत्रिक संशयितांचं मनच वाचून मोकळा. तटबंदीचा नकाशा तासभर आखावा, तर टोळी अदृश्य होऊन आत. अशा वेळी योद्ध्याच्या खेळाडूची काही तक्रार नसेलही, तोही हसत असेल, पण सूत्रधाराच्या दृष्टीने मांत्रिक डोईजड झालेला असतो. दोन्ही अवस्थांना इंग्रजी एकच शब्द वापरते आणि चर्चेत निम्मा गोंधळ त्यामुळेच होतो. पुस्तिकेत हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तर वाचणाऱ्याला तक्रार नेमकी कुणाची आहे ते लगेच कळेल.

आणि या उदाहरणांत मारामारीचा संबंधच नाही, हेही पाहा. भांडण बळाचं कमी, आवाक्याचं जास्त आहे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत बळाचा हिशेब बराच जुळवला गेला आहे. योद्ध्याला पाचव्या पातळीला दोन वार, अकराव्याला तीन, विसाव्याला चार. मांत्रिकाला एका वेळी एकाच मंत्रावर ध्यान लावता येतं, त्यामुळे पूर्वीसारखी मंत्रांची चळत अंगावर चढवता येत नाही. पण समोर साठ फूट रुंद दरी आली की काय होतं? धावत येऊन मारलेली लांब उडी ताकदीच्या आकड्याइतके फूट जाते. ताकद 20 असलेला योद्धा वीस फूट जाणार, पहिल्या पातळीलाही आणि विसाव्या पातळीलाही. मांत्रिक पाचव्या पातळीला उडायला शिकतो आणि सातव्या पातळीला पाचशे फुटांवर एका क्षणात पोचतो, सोबत एका मित्राला घेऊन. तो मित्र बहुधा आपला योद्धाच असतो. दोघांनी दिवसभरात राक्षसाचे सारखेच प्राण घेतले तरी त्या दरीच्या काठावर ते तोलामोलाचे नाहीत. 'तुल्यबळ' लिहिलं असतं तर ते वाक्य नियमाप्रमाणे खरं आणि खेळणाऱ्याच्या दृष्टीने खोटं ठरलं असतं.

गंमत म्हणजे जुन्या नियमकर्त्यांना हे बहुधा कळलेलं होतं. 1978 च्या नियमांत नवव्या पातळीचा योद्धा गढी बांधून मुलूख ताब्यात घेऊ शकत असे, त्याच्याकडे शिपाई चालून येत, तो कर वसूल करी. मांत्रिकाच्या विद्येला उत्तर म्हणून योद्ध्याला मनुष्यबळ आणि सत्ता, म्हणजे आवाकाच दिला होता. पुढे खेळ भुयारं आणि मारामाऱ्यांभोवतीच फिरत राहिला, गढ्या मागे पडल्या आणि योद्ध्याकडे तलवार तेवढी उरली. माझं मत विचाराल तर सगळ्या आवृत्त्यांमध्ये योद्ध्याचं झालेलं हे सर्वांत मोठं नुकसान. त्यापुढे एखादा जास्तीचा वार म्हणजे किरकोळ भरपाई.

'समान' आणि 'सारखे' हे शब्दही जपून वापरा. मराठीत 'सारखे' म्हणजे बरोबरीचे आणि 'सारखे' म्हणजे एकमेकांसारखे दिसणारे. संदर्भाशिवाय कळत नाही. 2008 ची चौथी आवृत्ती नेमकी याच फटीत अडकली. तिने सगळ्या पेशांना एकाच साच्यातली कौशल्यं दिली: काही कितीही वेळा वापरायची, काही एका चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. आकड्यांचा समतोल छान साधला. पण योद्धाही आता दिवसातून एकदाच मारायचा खास वार राखून ठेवू लागला आणि बऱ्याच जुन्या खेळाडूंना सगळे पेशे एकाच चवीचे वाटू लागले. बरोबरी आली, सारखेपणाही आला. काहींना ती आवृत्ती आजही सर्वांत न्यायाची वाटते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

दुसऱ्या टोकाला 1987 चा 'आर्स मॅजिका'. त्यात मांत्रिक उघडउघड श्रेष्ठ, बाकीचे त्याचे सोबती आणि शिपाई. पण प्रत्येक खेळाडू आळीपाळीने मांत्रिकही होतो आणि शिपाईही. पात्रं तोलामोलाची नाहीत, खेळाडू आहेत. तुमच्या पुस्तिकेत असा काही नियम असेल तर 'पात्रांमधला समतोल' आणि 'खेळाडूंमधला समतोल' असं स्पष्ट लिहा, नुसतं 'समतोल' पुरणार नाही.

प्रश्नात नव्हते, पण अडखळायला लावतील असे काही शब्द सांगतो. क्लासला 'वर्ग' करू नका. शाळा आठवते ते सोडा, पण वाढ वर्गाच्या पटीत होते असं सांगायची वेळ आली की वाक्य गडबडणार. 'पेशा' सुटसुटीत आहे. लेव्हलसाठी पात्राची 'पातळी' आणि मंत्राची 'श्रेणी' असे दोन वेगळे शब्द ठेवा, मी वर ठेवलेत तसे. पाचव्या पातळीचा मांत्रिक तिसऱ्या श्रेणीचा मंत्र म्हणतो, हे एकच शब्द वापरून लिहिलं की नवख्याचं डोकं फिरतं. गायगॅक्सनेही या गोष्टींना वेगळी नावं द्यायचा विचार केला होता, पण शेवटी सगळीकडे लेव्हलच ठेवलं.

जादूगार की मांत्रिक? जादूगार टोपीतून ससा काढतो, मांत्रिक भूत उतरवतो. दोघांनाही आपापलं ओझं आहे. मी मांत्रिक घेतो, कारण मग मंत्र हा शब्द आपोआप जुळतो. योद्ध्याऐवजी 'लढवय्या' मला जास्त आवडतो, फायटिंग मॅनच्या अधिक जवळचा आहे, पण अनेकवचनात 'लढवय्ये' लिहिताना हात अडखळत असेल तर योद्धा बरा.

राहता राहिले नर्फ (नियम बदलून एखादी गोष्ट कमजोर करणं) आणि बफ (उलट, जोरदार करणं). 'नर्फ' हे मुळात मऊ फोमच्या खेळण्यांच्या ब्रँडचं नाव, तेव्हा 'बोथट करणे' त्याला चपखल बसतं: "या आवृत्तीत अग्निगोळा बोथट केला आहे." उलट नियम बदलून एखादी गोष्ट जोरदार केली असेल तर 'धार लावली'. मात्र मित्राच्या अंगी तात्पुरतं बळ आणणाऱ्या मंत्रालाही खेळाडू बफच म्हणतात. तिथे धार चालणार नाही, 'बळ देणे' लिहा.