समुद्रतळावर केबल पाइपलाइनला ओलांडते तेव्हा
आराखडा हाती घेताना जुन्या नकाशावर विसंबू नका. पाइपलाइन आज नेमकी कुठे आहे आणि वाळूत किती खोल गेली आहे, हे नव्या सर्वेक्षणातूनच ठरवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर उभा राहतो. ओलांडण्याचा कोन शक्यतो ९० अंशांच्या जवळ ठेवा. दोन्हींमध्ये सहसा किमान ०.३ मीटर उभे अंतर राखतात, परंतु हे अंतर राखण्यासाठी मध्ये घातलेल्या काँक्रीटच्या मॅट्रेस (काँक्रीटचे ठोकळे जोडून केलेल्या जाड चटया) मऊ चिखलात रुतल्या की ते कमी होते, म्हणून माती किती खचेल याचा हिशेब आधीच करा. वीजवाहक केबलची उष्णता तिच्या रक्षणासाठी वर टाकलेल्या दगडांच्या जाड थराखाली कोंडते, आणि माझ्या मते याच मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पाइपलाइनच्या कॅथोडिक संरक्षणाला (धातू गंजू नये म्हणून केलेल्या विद्युत-रासायनिक व्यवस्थेला) बाधा येणार नाही, याची शहानिशा तिच्या मालकाशी लेखी करार होण्यापूर्वीच करून घ्या.